लायसन सिंधूबाईचं

"वैनी, रिमोट धरा. आधी रिमोट धरा तुमच्या हातात."

मल्हारने रिमोट सिंधूच्या हातात कोंबला, तेव्हा उसात पडलेल्या ड्रोनचा एक पंखा अजून फडफडत होता. विहिरीकडे गेलेली लाइटची तार वर झोके घेत होती. बांधावर उभी असलेली पंधरावीस माणसं आधी गप्प झाली आणि मग एकदम सगळी बोलायला लागली.

सिंधूने हातातल्या रिमोटकडे पाहिलं. मल्हारच्या घामाने तो ओला झाला होता.

"मी कशाला धरू?" ती म्हणाली.

"अवो लायसन तुमचं हाय ना. हौसराव आप्पा यायच्या आत धरा. नंतर बोलू."

मल्हार तिचा धाकटा दीर. गावातल्या महिला गटाला फवारणीचा ड्रोन मिळाल्यापासून तो उडवत मल्हारच होता. शिकायला गेली सिंधू, परीक्षा दिली सिंधूने, लायसन तिच्या नावाचं, पेपरात फोटोही तिचा. निमोण्याच्या शिवारात मात्र ती बॅटऱ्यांची पेटी उचलून त्याच्या मागे मागे चालायची. आज हौसराव आप्पांच्या उसावर फवारणी होती. पोरं मोबाईल काढून शूटिंग करत होती. मल्हारला चेव आला आणि त्याने पोरांच्या डोक्यावरून फिरवत आणायला ड्रोन गर्रकन वळवला. मध्ये तार होती. ती सिंधूला दिसत होती. तिने "तार, भाऊजी, तार" म्हटलंही, पण बॅटऱ्यांची पेटी उचलणाऱ्या बाईचं कोण ऐकतं.

हौसराव आप्पा बुलेटवरून आले. त्यांनी उसात पडलेला ड्रोन पाहिला, मग सिंधूच्या हातातला रिमोट पाहिला.

"जाऊ द्या सिंधूबाई," ते मायेने म्हणाले. "शिकताना व्हतं असं. बाईमानसाच्या हातानं एवढं उडलं हेच लई झालं."

बांधावरच्या पोरांनी मोबाईल खिशात घातले होते. सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी काही बोललं नाही. सिंधूची कानशिलं तापली, पण तोंडातून शब्द फुटला नाही, आणि याचा राग तिला मल्हारवरच्या रागाहून जास्त आला.

लग्न होऊन ती निमोण्याला आली, त्याच पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सासूने सांगितलं, विहिरीवर जा आणि मोटर चालू कर, हिरवं बटण दाब. सिंधूने हिरवं बटण दाबलं. मोटर घुंई घुंई करत राहिली, पाणी आलं नाही, मग पेटीतून जळका वास आला. तेव्हापासून सिंधू म्हणजे मोटर जाळलेली सून. घरात मिक्सर आला तेव्हा सासू म्हणाली, हिच्या हातात नको, हिनं मोटर जाळलीय. मोबाईल आला, स्कूटी आली, टीव्हीचं नवं खोकं आलं, दर वेळी कुणीतरी हसत हसत मोटर काढायचंच. त्यात दुष्टावा नव्हता. पाव्हणे आले की सांगायचा तो घरचा एक विनोद होता. सिंधूही हसायची. हसता हसता तिचा हात कुठल्याही बटणापाशी गेला की आपोआप मागे यायला लागला.

त्याच घरात मल्हारने ट्रॅक्टर चारीत घातला होता, दोन मोबाईल फोडले होते, मळणीयंत्राचा पट्टा तोडला होता. त्याला सगळे म्हणायचे, पोरगं शिकतंय, हात बसतोय त्याचा.

गटातून ड्रोन शिकायला कुणाला पाठवायचं हा प्रश्न आला, तेव्हा दहावी झालेल्या दोघीच निघाल्या. त्यातली एक बाळंतीण होती. गटाची अध्यक्ष धुरपदा म्हणाली, "सिंधू, तूच जा. लई डोकं न्हाई लावायचं. कागद तेवढा घिऊन ये, फुडचं मानसं बघतील." या बोलीवर सिंधू दौंडला गेली.

दौंडच्या त्या केंद्रात खरा ड्रोन आधी हातात देत नसत. आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. शिकवायला अक्षदा नावाची मुलगी होती, दौंडच्याच रेल्वे कॉलनीतली, सिंधूच्या लेकीहून, धनश्रीहून, दोनचार वर्षांनी मोठी असेल. सिंधू पडद्यासमोर बसली आणि रिमोटच्या दोन दांड्यांना तिने बोटच लावलं नाही.

"काय झालं ताई?"

"पडंल."

"मग पाडा."

सिंधूला वाटलं, मुलगी चिडली.

"खरंच पाडा," अक्षदा म्हणाली. "झाडावर घाला, घरावर घाला. मला बघायचंय किती तऱ्हेने पाडता येतो ते. आज उडवायचाच नाही."

सिंधूने तो दिवसभर पाडला. विजेच्या खांबावर पाडला, तळ्यात पाडला, एकदा तर सरळ आभाळात नेऊन बॅटरी संपेपर्यंत वर ठेवला आणि दगडासारखा खाली येऊ दिला. शेजारच्या बाया हसायला लागल्या, त्यांनीही पाडले. अक्षदा कुणाला रागावली नाही. दर वेळी ती एकच विचारायची, का पडला? नुसतं पडला म्हणायचं नाही. वारा होता म्हणून, की डावी दांडी लवकर सोडली म्हणून, की बॅटरीकडे लक्ष नव्हतं म्हणून, ते सांगायचं. दोन दिवसांत सिंधूला पडण्याची कारणं पाठ झाली. तिसऱ्या दिवशी ड्रोन उडायला लागला.

जेवणाच्या रांगेत उभ्या असताना तिने अक्षदाला मोटरची गोष्ट सांगितली. घरी सांगतात तशीच, हसत हसत.

अक्षदा हसली नाही. "का जळली पण?"

"मी बटण दाबलं नव्हं का."

"बटण दाबल्यावर मोटर चालू होते, जळत नाही. लाइटची एक फेज गेली असेल, नाहीतर मोटर आधीच अडकली असेल. बघितलं नाही कुणी?"

सिंधू ताट घेऊन तशीच उभी राहिली. कुणी बघितलं नव्हतं. मोटर शिरूरला दुरुस्तीला गेली, भरून आली, परत विहिरीत सोडली. काय बिघडलं होतं हे घरातल्या एकाही माणसाने मेकॅनिकला विचारलं नव्हतं, कारण काय बिघडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सून बिघडलेली होती. आपण इतकी वर्षं हसलो, तेही कुणी सांगितल्याशिवाय, याचा तिला संताप आला.

पण संताप दौंडला राहिला आणि ती निमोण्याला परतली. गावात पहिल्यांदा ड्रोन उचलला तेव्हा बांधावर सारा गाव जमला होता. जमिनीपासून चार हात वर गेल्यावर वाऱ्याने तो जरा कलला. कलतोच तो, आपला आपण सावरतोही. पण मागून नवरा ओरडला, "अगं पडंल, पडंल, दे त्याच्याकडं." म्हस्कू तसा गरीब माणूस, बायकोवर कधी हात न उगारलेला. पण तो आवाज ऐकला आणि सिंधूची बोटं गारठली. मल्हार पुढे झाला, त्याने रिमोट घेतला, आणि मग तो त्याच्याकडेच राहिला. मोबाईलवर चार व्हिडिओ बघून त्याने ड्रोन उडवला. उडवला आणि जमला त्याला, हेही खरं. भीती हा पदार्थच त्याला कुणी कधी वाढला नव्हता.

ड्रोन पडला त्या संध्याकाळी मल्हार घरी येऊन ओट्यावर बसला. म्हस्कू होता. धुरपदाही आली. उद्या विमा कंपनीचा माणूस पाहणीला येणार होता.

"वैनी, काय जास्त बोलायचं न्हाई," मल्हार म्हणाला. "'मी उडवत व्हते, वारं आलं, हात थरथरला.' एवढंच सांगायचं."

"हात कुणाचा थरथरला?"

"आता तुमचाच म्हनायचा ना. लायसन नसलेल्यानं उडवला म्हनल्यावर इमा कोन देतंय?"

"तुमाला तार दिसत न्हवती का भाऊजी? मी सांगत व्हते."

"झालं ते झालं," म्हस्कू मध्ये पडला. "तुझ्या अंगाला काय भोकं पडत्यात का? नवीन हाय, बाईमानूस हाय, घाबरली. कुनी काय म्हनत न्हाई त्याला."

"कुनी काय म्हनत न्हाई?" सिंधू उठून उभी राहिली. "लगीन झाल्यापास्नं म्हनताय तुमी. मोटर जाळली, मोटर जाळली. आता ह्येबी माझ्याच नावावर लावा. मेल्यावर दहाव्याला सांगा, हिनं मोटर जाळली आन् इमान पाडलं."

धुरपदा पुढे सरकून हळू आवाजात म्हणाली, "सिंधे, गटाकडं बघ. ड्रोन एकट्या मल्हारचा हाय का? आपल्या समद्यांचा हाय. इमा मिळाला न्हाई तर वर्सभर पडून राहील. एक सबूद खोटा बोललीस तर काय बिघडतंय?"

हा घाव मात्र वर्मी बसला. मल्हारचा स्वार्थ होता, म्हस्कूचा भाऊ होता. धुरपदा तिच्यासारखीच बाई होती, आणि तिने मागितलं ते खरं तर गैर नव्हतं. ड्रोन सगळ्यांचा होता. सिंधू आत जाऊन चुलीपुढे बसली.

धनश्री तिथेच भाकरी थापत होती. पोरगी शिरूरला कॉलेजात जायची, हुशार होती. दारात स्कूटी असून एसटीने जायची, कारण चुलता म्हणायचा, राहू दे, पाडशील.

"आई, म्हण ना गं," धनश्री पिठाच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली. "कशाला उगं भांडणं? तसं पण आपल्याला कुठं जमतं असलं."

सिंधूने तिच्याकडे पाहिलं. "आपल्याला म्हंजी कुनाला?"

"आपल्याला म्हणजे... आपल्याला." धनश्रीने खांदे उडवले आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्या एका शब्दाने सिंधूचं डोकं इतकं फिरलं की पोरीच्या कानाखाली द्यावी असं तिला वाटलं. दिली नाही. पोरीचा काय दोष. आईला हसताना बघत ती मोठी झाली होती.

विमा कंपनीचा माणूस दुपारी आला. पुण्याचा, तरुण, बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधाच्या मधोमध चालणारा. ड्रोन उसातून काढून ताडपत्रीवर ठेवला होता. दोन हात मोडले होते, औषधाची टाकी फुटली होती. त्याने सगळीकडून फोटो काढले.

"पायलट कोण होतं?"

"या आमच्या वैनी," मल्हार म्हणाला. "जरा घाबरल्या. वारं बी व्हतं."

तो माणूस मान हलवत टॅबवर लिहायलाही लागला. त्याने सिंधूकडे पाहिलंसुद्धा नाही. "होतं. लेडीजचं सुरुवातीला होतं असं," तो म्हणाला. "पॅनिक झाल्या ना ताई?"

पुण्याचा माणूस. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं, मोटर त्याला ठाऊक नव्हती, आणि तरी त्यालाही आधीच सगळं ठाऊक होतं.

"मी उडवत न्हवते," सिंधू म्हणाली.

मल्हार हसला. "वैनी घाबरल्यात अजून."

"मी घाबरलेली न्हाई. ड्रोन ह्यांनी उडवला. मी इथं, ह्या चिचंखाली उभी व्हते. तार हाय म्हनून सांगत व्हते. ह्यांनी ऐकलं न्हाई. लायसन माझं हाय आन् रिमोट मी ह्यांच्या हातात दिला, ती चूक माझी. तेवढी लिव्हा. हात थरथरल्याचं लिव्हू नका."

बांधावर हौसराव आप्पा होते, धुरपदा होती, कालची पोरं होती. म्हस्कू पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत राहिला.

कंपनीच्या माणसाने आता तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, विचार करून बोला. असं लिहिलं तर क्लेम पास होणार नाही. नुकसान तुमच्या गटाचंच आहे."

"मला म्हाईत हाय. लिव्हा."

मल्हारने रिमोट ताडपत्रीवर आपटला आणि तो निघून गेला.

क्लेम पास झाला नाही. ड्रोन धुरपदाच्या पडवीत ताडपत्रीखाली जाऊन पडला. हंगाम गेला. गटाच्या बैठकीला सिंधू गेली की बाया सरकून जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. मल्हारने वेगळी चूल मांडली. सासू उठता बसता घर फुटल्याचं बोलायची. म्हस्कू जेवायला वाढलेलं जेवायचा आणि ताट सरकवून उठायचा. सिंधूला याचं वाईट वाटलं का? वाटलं. धुरपदाने फिरवलेली पाठ दिसली की तर फारच वाटायचं. पण आपण बोललो ते परत घ्यावं, असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

अक्षदाला कुणाकडून तरी कळलं. तिचा फोन आला. शाबासकी नव्हती.

"लायसन तुमचं, आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात दिलातच कसा ताई? कुणाच्या तोंडाला पातं लागलं असतं म्हणजे?"

"चुकलं," सिंधू म्हणाली. "भ्याले मी."

"ड्रोनला?"

"न्हाई. बघनाऱ्या मानसांला."

मग अक्षदा म्हणाली, कोरेगाव भीमाला एका गटाकडे ड्रोन आहे, त्यांची पायलट लग्न होऊन गेली, उडवायला कुणी नाही. येता का?

सिंधूने कुणाला विचारलं नाही. सकाळची कामं उरकून शिरूरच्या गाडीत बसली, तिथून पुण्याच्या एसटीने कोरेगावला उतरली. तिथल्या बायांना ती नवी होती. रान नदीकाठचं, कांद्याचं. तिने वारा बघितला, तारा बघितल्या, ड्रोन उचलला. अर्धं रान नीट झालं. मग उतरवताना तिने डावी दांडी घाईने ओढली, ड्रोन धपकन खाली बसला आणि त्याचा एक पाय मुडपला.

सिंधू मागून येणाऱ्या आवाजाची वाट बघत राहिली.

"काय झालं वो ताई?" गटातल्या एका बाईने विचारलं.

"जोरात उतरवला. माझी दांडी घाईची झाली."

"मग आता?"

"पाय बदलावा लागंल."

"खोलीत हाय एक जादाचा. आनते." बाई गेली, पाय घेऊन आली, आणि दोघींनी मिळून तो बसवला. मग त्या बाईने चहा आणला. पुढे काही झालं नाही. एवढंच होतं ते.

परतीच्या एसटीत सणसवाडीच्या कंपन्यांमधून सुटलेले कामगार खचाखच भरले होते. सिंधू खिडकीला डोकं लावून रडली. आनंदाने नव्हे. एक पाय मुडपतो, दुसरा आणतात, बसवतात, चहा पितात. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपलं अर्धं आयुष्य गेलं, याचा तो संताप होता आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. शेजारी बसलेल्या परप्रांतीय पोराने हिंदीत विचारलं, तबियत ठीक आहे का. तिने मान हलवली.

ती जात राहिली. कोरेगावहून तिचं नाव शेजारच्या दोन गावांत पोचलं. घरात कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. धनश्रीने एकदा विचारलं, "आई, मी येऊ का बघायला?" सिंधू म्हणाली, "बघायला नको येऊस. स्कूटी काढ आन् मला शिरूरपतोर सोड." धनश्री घाबरत घाबरत निघाली, न्हावऱ्याच्या फाट्यावर वाळूत दोघी आडव्या झाल्या. सिंधूचं कोपर खरचटलं. ती उठली, साडी झटकली आणि पोरीला विचारलं, का पडली ते सांग. पोरीने सांगितलं. मग दोघी पुढे गेल्या.

हिवाळ्याच्या तोंडाशी कोरेगावच्या एका मोठ्या उसावर फवारणी होती. सिंधूने रानाच्या कडेने सुती दोरी अंथरून घेतली होती, बघणाऱ्यांनी तिच्या पलीकडे थांबायचं. ड्रोन तयार ठेवून ती उठली, तर बांधावरच्या माणसांत तिला म्हस्कू दिसला. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात पिशवी. एवढ्या लांब तो एकटा कसा आला, कुणाला विचारत आला, कोण जाणे. तो सगळ्यांच्या पुढे, दोरीच्या अलीकडे येऊन उभा होता.

तिच्या मनात बरंच काही आलं. सगळा राग जसाच्या तसा आला. आज आलात, असं म्हणावं. त्या दिवशी ढेकूळ फोडत होतात, असं म्हणावं. त्याने आधी तोंड उघडलं.

"वारं हाय जरा," तो म्हणाला. "जपून..." आणि मध्येच थांबला.

सिंधूने रिमोट गळ्यात अडकवला. समोरच्या उसाकडे पाहिलं, शेंड्यांची हालचाल पाहिली. वारा होता, पण चालण्यासारखा होता.

"दोरीच्या मागं व्हा," ती म्हणाली. इतरांना सांगते त्याच आवाजात.

शेजारच्या माणसाने म्हस्कूला विचारलं, "वळखीच्या हायत का बाई?"

म्हस्कू दोन पावलं मागे गेला. दोरी त्याच्या चपलेत अडकली होती, ती त्याने वाकून सोडवली, सरळ करून जागेवर ठेवली, आणि टोपी काढून हातात धरून रांगेत उभा राहिला. सिंधूने मागे वळून पाहिलं नाही. ड्रोन वर चढला, वाऱ्याने जरा कलला, आणि सगळे गप्प होते.